ऑइल बदलायला रॅम्प : विकत घेऊ की घरी बनवू? मदत हवी आहे

मंडळी, मी मुलुंडला राहतो, गाडी जुनी वॅगनआर. यंदा इंजिन ऑइल स्वतःच बदलायचंय, पण गाडीखाली जेमतेम साडेसहा इंच जागा; माझं पोट त्यात मावत नाही! नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरायचं नाही, हे पक्कं.

म्हणून पुढची चाकं वर चढवायला उतरते ठोकळे, म्हणजे रॅम्प, हवेत. १८ मिमी प्लायचे आठ थर चिकटवून, स्क्रू मारले तर १४४ मिमी उंची मिळते. पण पावसाळ्यात प्लाय फुगला तर? त्यात सोसायटीच्या पार्किंगला गुळगुळीत टाइल्स. चढवताना रॅम्पच पुढे सटकेल ही खरी भीती. खाली रबर मॅट पुरेल का? की वेल्डरकडून लोखंडी करून घेऊ? कुर्ल्यात कुणी करून घेतलेत का, खर्च किती आला?

मागच्या चाकांना हँडब्रेक आणि लाकडी ठोकळे लावणारच आहे. सेक्रेटरीकाकांना कसं पटवायचं, तेही सांगा.