शब्दचर्चा : ताइयाकीत मासा नसतो (जपानी जत्रेतल्या खाऊची नावं)

मुलांच्या मासिकासाठी जपानमधल्या उन्हाळी जत्रांवरचा मजकूर मराठीत आणतेय. ताकोयाकी, ताइयाकी, इकायाकी, वाताआमे, काकिगोरी, रामुने अशी मोठी यादी आहे. संपादकांना सगळं मराठी हवंय. नावं तशीच ठेवू की शब्द शोधू? आणि ‘मात्सुरी’ला जत्रा म्हणावं की उत्सव?

— मात्सुरी म्हणजे उत्सव. पूजा, मिरवणूक, पालख्या सगळं त्यात आलं. तुमचा विषय खाण्याचा आहे, तर ‘एन्निची’ हा शब्द जास्त कामाचा. ‘एन’ म्हणजे ऋणानुबंध आणि ‘निची’ म्हणजे दिवस, थोडक्यात देवाशी नातं जुळण्याचा दिवस. करुणेची देवता कान्नोन हिचा महिन्याच्या १८ तारखेला, विद्येचा देव तेन्जिन याचा २५ला. त्या दिवशी देवळाच्या वाटेवर दुतर्फा ‘याताई’, म्हणजे खाऊचे ठेले लागतात. याला जत्रा हाच शब्द चपखल बसतो आणि याताईला ‘पाल’. ओसाकाच्या २४-२५ जुलैच्या तेन्जिन मात्सुरीला मात्र उत्सवच म्हणा, तिथे होड्यांची मिरवणूक मुख्य असते.

आता खाऊ. माझं मत स्पष्ट आहे, नावं तशीच ठेवा आणि शेजारी एका ओळीत पदार्थ सांगा. शब्दशः भाषांतर केलंत तर पोरं फसतील. ‘ताइ’ हा मासा खरा, पण ताइयाकीत मासा औषधालाही नाही. माशाच्या आकाराच्या साच्यात पीठ ओतून आत आझुकी या लाल कडधान्याचं गोड सारण भरतात. याकिसोबाचंही तेच. सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, पण जत्रेत लोखंडी पत्र्यावर परततात त्या गव्हाच्या. शिवाय ‘याकी’ला एक मराठी शब्द पुरणार नाही. त्यात भाजणं, शेकणं, परतणं सगळं येतं, इतकंच काय, भट्टीत भाजलेली मातीची भांडीसुद्धा. आरिता-याकी कुणी खायला मागू नये!

— ताकोयाकीत मात्र ताको, म्हणजे ऑक्टोपस, असतो हो. ओसाकातल्या एंदो तोमेकिची यांनी १९३५ मध्ये तो घालायला सुरुवात केली. त्याआधी ते गोमांसाचे तुकडे घालून ‘राजिओ-याकी’ विकत, कारण रेडिओ तेव्हा नवलाईची चीज होती. म्हणजे नावात रेडिओ आणि ताटलीत मांस. करताना बघायची मजा काही और. आप्पेपात्रासारखे खळगे असलेला तवा, त्यात पीठ काठ ओलांडून वाहेपर्यंत ओततात. ताकोचा तुकडा, कांद्याची पात, लाल आलं टाकतात. मग टोच्याने एकेक अर्धगोल फिरवत बाहेर सांडलेलं पीठ आत लोटतात, की गोळा पुरा होतो. वरून सॉस आणि सुकवलेल्या माशाचा पापुद्र्यासारखा कीस. वाफेने तो कीस वळवळतो, पोरांना तो जिवंत वाटतो.

— मी मालवणकडचा, म्हणून एक सांगतो. ताकोला ‘माकूल’ लिहू नका, तो ऑक्टोपस. आमची माकूल म्हणजे स्क्विड, जपान्यांची ‘इका’. म्हणजे इकायाकीला ‘भाजलेली माकूल’ बेलाशक लिहा.

— थांबा, ओसाकात इकायाकी मागितलीत तर माकुलीचे तुकडे घालून दाबून भाजलेला धिरड्यासारखा प्रकार मिळतो. चित्र बघून ठरवा.

चित्रात अख्खी आहे, काडीला टोचलेली. मग वाताआमे? ‘बुड्ढी के बाल’ चालेल का? आणि काकिगोरीला ‘बर्फाचा गोळा’?

— ‘म्हातारीचे केस’ म्हणा की, तेही सगळ्यांना ठाऊक आहे. ‘वाता’ म्हणजे कापूस. पूर्वेकडे वाताआमे, पश्चिमेकडे वातागाशी. यंत्र मात्र अमेरिकेतलं, १८९७ चं, आणि ते काढणाऱ्या दोघांपैकी एक दातांचा डॉक्टर! ‘आमे’ म्हणजे नुसती गोळी समजू नका. मूळ अर्थ पिष्टापासून केलेला गोड पाक आणि त्याचे प्रकार. रिंगोआमे म्हणजे लाल पाकाचं कडक कवच चढवलेलं सफरचंद.

काकिगोरीला ‘गोळा’ मला पटत नाही. गोळा काडीभोवती दाबतात, काकिगोरी भांड्यात भुसभुशीतच ठेवून वर सरबत ओततात. ‘किसलेला बर्फ’ बरं. प्रकार फार जुना आहे. सुमारे १००० साली जपानी दरबारातल्या सेई शोनागोन या लेखिकेने आपल्या टिपणांत देखण्या गोष्टींच्या यादीत तो घातलाय. तिचा शब्द ‘केझुरिही’, म्हणजे तासलेला बर्फ. वर वेलीच्या रसाचा गोडवा आणि नव्या कोऱ्या धातूच्या वाटीत.

— रामुनेचं काम सोपं, ‘गोटी सोडा’. नाव ‘लेमोनेड’चा अपभ्रंश आणि बाटली तीच, हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ मध्ये पेटंट घेतलेली. वायूच्या दाबाने गोटी तोंडातल्या रबरी कड्याला घट्ट बसते. फक्त रामुने गोड असते, आपल्याकडच्यासारखं मीठ-लिंबू नाही.

उत्तम. शेवटचं, क्योतोच्या जुलैतल्या गिओन मात्सुरीचं चित्र आहे, पानांत गुंडाळलेली चिमाकी. ‘पानात वाफवलेला भात’ लिहिलंय.

— ताई, ते खोडा. चिमाकी हा चिकट तांदळाचा पदार्थ आहे खरा, पण गिओनची चिमाकी खायची नसतेच. आत भात नाही, गवताच्या काड्या. वर चिठ्ठी असते, ‘आम्ही सोमिन शोराईचे वंशज’. त्याने वाटसरूच्या वेशातल्या देवाला आसरा दिला म्हणून त्याच्या घरावर रोगराई येत नाही अशी कथा. उत्सवाचं मूळही ८६९ च्या साथीतलं. लोक ती वर्षभर दारावर टांगतात. आणि गिओन हे नाव बौद्ध ग्रंथांतल्या जेतवन विहाराचं, ते तळटीपेत घाला.

मग खाऊच्या पानावर क्योतोचं काय देऊ?

— मिनाझुकी द्या. तांदळाच्या पिठाची वाफवलेली पांढरी त्रिकोणी वडी, वर आझुकीचा थर. त्रिकोण हे बर्फाच्या तुकड्याचं प्रतीक. फक्त ती ३० जूनला खातात, जुलैच्या मथळ्याखाली घालू नका.