रुबीच्या सी एक्स्टेन्शनमधला जीसीचा (गार्बेज कलेक्टर: वापरात नसलेली मेमरी मोकळी करणारा भाग) बग टेस्टमध्ये कसा पकडायचा?

प्रश्न:
सी भाषेत लिहिलेल्या माझ्या रुबी एक्स्टेन्शनच्या टेस्ट सगळ्या पास होतात, पण सर्व्हरवर अधूनमधून सेगफॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लावल्याने होणारा क्रॅश) येतो. फंक्शनमध्ये आलेल्या ऑब्जेक्टची आरबी_ओबीजे_ॲज_स्ट्रिंगने स्ट्रिंग करतो, आरस्ट्रिंग_पीटीआरने तिच्या बाइटचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) घेतो, मग नवी स्ट्रिंग बनवून त्यात बाइट कॉपी करतो. टेस्टच्या शेवटी जीसी.स्टार्ट लावलं, तरी काही सापडत नाही.

उत्तर:
शेवटी जीसी चालवून उपयोग नाही, तोवर फंक्शन संपलेलं असतं. जीसी पॉइंटर घेणं आणि कॉपी यांच्या मधोमध चालायला हवा, म्हणजे पॉइंटर हातात असतानाच स्ट्रिंग फ्री होते. फंक्शन बोलावण्याच्या आधी जीसी.स्ट्रेस = ट्रू करा आणि एन्शुअरमध्ये (शेवटी नक्की चालणाऱ्या भागात) फॉल्स. मग प्रत्येक ॲलोकेशनला (नवी मेमरी घेताना) जीसी चालतो. अख्ख्या सूटवर लावलंत तर संध्याकाळपर्यंत बसाल.

टेस्टला साधी स्ट्रिंग देऊ नका. स्ट्रिंगचं टू_एस (स्ट्रिंग करून देणारी मेथड) तीच स्ट्रिंग परत देतं आणि ती बोलावणाऱ्याने धरून ठेवलेली असते, म्हणजे बग दिसणारच नाही. टू_एसमध्ये दर वेळी नवी स्ट्रिंग बनवणारा छोटा क्लास लिहा. एकदा १० बाइटची, एकदा १०,००० बाइटची. छोटी ऑब्जेक्टच्या स्लॉटमध्येच (त्याच्या ठरलेल्या जागेत) राहते, त्यामुळे नुसता कचरा वाचला जातो; मोठीचा बफर मॅलॉकने वेगळा घेतलेला, तो फ्री होतो आणि अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं कंपायलरचं साधन) लगेच बोंब मारतो.

बिल्ड -ओ२ नेच (कंपायलरचं ऑप्टिमायझेशन चालू ठेवून) करा. -ओ० (ऑप्टिमायझेशन बंद) मध्ये व्हॅल्यू (ऑब्जेक्टचा संदर्भ) स्टॅकवर पडून राहते आणि स्टॅक तपासणाऱ्या जीसीला सापडते. -ओ२ मध्ये पॉइंटर मिळाला की कंपायलरच्या लेखी तिचं काम संपलं. आणि नुसत्या आतल्या पॉइंटरवरून रुबी ऑब्जेक्ट ओळखत नाही. उपाय आरबी_जीसी_गार्ड (व्हॅल्यूला तिथपर्यंत जिवंत ठेवणारा मॅक्रो), पण पॉइंटरच्या शेवटच्या वापरानंतर. व्हेरिएबल जाहीर करताना लावला तर काही राखत नाही.

प्रश्नकर्ता:
गार्डने ती टेस्ट पास झाली. टाइपवर डब्ल्यूबी_प्रोटेक्टेड फ्लॅग आहे, म्हणजे राइट बॅरियर (जुन्या ऑब्जेक्टमध्ये नवा ठेवल्याची जीसीला वर्दी) पाळण्याची हमी. स्ट्रक्टमधल्या व्हॅल्यूंना हाच स्ट्रेस पुरे का?

उत्तर:
नाही. ट्रू दिलं की दर वेळी मेजर (फक्त नवे नव्हे, सगळे ऑब्जेक्ट तपासणारा) जीसी होतो, सगळं नव्याने मार्क होतं (वापरात असल्याची खूण) आणि राइट बॅरियर विसरलेला झाकला जातो. स्ट्रेसला १ द्या, म्हणजे मेजर टळतो. किंवा हाताने: ऑब्जेक्ट बनवा, चार वेळा जीसी.स्टार्ट करून जुना होऊ द्या, सेटरने नवा ऑब्जेक्ट ठेवा, जीसी.स्टार्टला फुल_मार्क: फॉल्स द्या, मग वाचा. असे १,००० ऑब्जेक्ट तरी घ्या आणि वेगळ्या मेथडमध्ये बनवा. एखादा स्टॅकवर उरला की जिवंत राहतो आणि टेस्ट फसवते. सेटरमध्ये साधं असाइनमेंट असेल तर आरबी_ओबीजे_राइट वापरा, नाहीतर फ्लॅगच काढा. थोडा वेग जाईल, क्रॅश नाही.

दुसरं उत्तर:
रुबी २.७ पासून कॉम्पॅक्शनही (ऑब्जेक्ट हलवून मेमरीत एकत्र रचणं) आहे. मार्क फंक्शनमध्ये आरबी_जीसी_मार्क असेल तर ऑब्जेक्ट जागचा हलत नाही. आरबी_जीसी_मार्क_मूव्हेबल वापरलं असेल तर डीकॉम्पॅक्ट फंक्शनमध्ये (ऑब्जेक्ट हलल्यावर चालणाऱ्या) आरबी_जीसी_लोकेशनने प्रत्येक फील्ड बदलावं लागतं, आणि नवं फील्ड घातल्यावर नेमकं तेच राहतं. जीसी.व्हेरिफाय_कॉम्पॅक्शन_रेफरन्सेस, टुवर्ड: :एम्प्टी देऊन चालवा आणि लगेच सगळी फील्डं वाचा. जीसीकडे रजिस्टर न केलेल्या स्टॅटिक व्हॅल्यूही यातच सापडतात.