गुपचूप वाचणारे: सभ्य की आगाऊ?

पर्वतीपायथा
परवा लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे काका भेटले. "काय, महाबळेश्वर झालं वाटतं? स्ट्रॉबेरी काय भावानं मिळाली?" मी चाट पडलो. या गृहस्थांनी चार वर्षांत माझ्या एका फोटोला अंगठा दाखवलेला नाही, वाढदिवसाला शुभेच्छा नाहीत, सोसायटीच्या ग्रुपवर हो नाही की नाही नाही. स्टेटस मात्र चोवीस तास सरायच्या आत न चुकता बघतात.

मला विचाराल तर रोज सकाळी गुलाबाची फुलं पाठवणारे परवडले. ते निदान दार उघडून बोलतात. वाड्यात पडद्याआडून बघणाऱ्या आजींना आपण नावं ठेवायचो. तीच सवय मोबाईलवर आली की 'इंट्रोव्हर्ट' म्हणायचं?

वाचनमात्र_वामन
स्टेटस लोकांनी बघावं म्हणूनच टाकता ना? मग बघितलं की बोंब कशाला? 'नेमके बोला' हे पुण्यात पाटी लावून सांगावं लागतं, आम्ही ते न सांगता पाळतो. वेबसाइटचा वापर अभ्यासणाऱ्या जेकब नील्सननं २००६ मध्येच मांडलंय: शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून बोलतात आणि एकच जण सारखा बोलत असतो. आम्ही नव्वद उठून गेलो तर तुमचं महाबळेश्वर बघणार कोण?

कोथरूडची_सून
वामनरावांना अनुमोदन. आमच्याकडे एक आत्याबाई लाईकचा हिशोब आहेराच्या वहीसारखा ठेवतात. मुंजीत, भर पंगतीत विचारलं, "माझ्या गौरींच्या फोटोला तुझा लाईक नव्हता गं?" तेव्हापासून मी न बघताच अंगठा देते. एकदा तो निधनाच्या बातमीला गेला.

मुठेकाठी
गंमत पुरे. मी सिंहगड रोडला राहतो. २५ जुलै २०२४ ची पहाट आठवा. खडकवासला धरणाचा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या वर गेला, नदीकाठच्या एकतानगरीत पाणी शिरलं. मी आमच्या ग्रुपवर लिहिलं, 'पार्किंगमधून गाड्या काढा, तळमजल्यावरच्यांनी वर या.' उत्तर शून्य. निळ्या टिका एरवी बंद ठेवता येतात, ग्रुपमध्ये नाही. म्हणून मेसेजवर बोट दाबून 'इन्फो' बघितलं, तर एकोणीस जणांनी वाचलेलं! कोण जागं आहे, कोणाला उठवायचं, काही कळेना. अंधारात जिने चढून बेल वाजवत सुटलो. निम्म्यांनी गाड्या केव्हाच काढल्या होत्या आणि परत येऊन चहा पीत होते. 'वाचलं' एवढी चार अक्षरंसुद्धा जड झाली? तळमजल्यावरच्या आजोबांकडे मी सगळ्यात शेवटी पोचलो. पाणी त्यांच्या पायरीला लागलं होतं.

पर्वतीपायथा
'वाचलं' तीन अक्षरं. बाकी शब्दन् शब्द पटला.

वाचनमात्र_वामन
हे मान्य, तिथे बोलायलाच हवं होतं. पण त्याच दिवशी भलत्याच गावच्या पुराचे व्हिडिओ कोणी फिरवले? गप्प बसणाऱ्यांनी? २०१८ मध्ये अफवांपायी माणसं मारली गेली, मग व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. २०२० मध्ये फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जाईल असं केलं. लगाम बोलणाऱ्यांना घालावा लागला, आम्हाला नव्हे.

मुठेकाठी
'धरण फुटलं' असा एक व्हिडिओ आमच्याकडेही आला. १९६१ च्या पानशेतपासून या दोन शब्दांनी पुणेकराच्या पोटात गोळा येतो. तो खोटा होता, हे तुमच्यासारख्या चोखंदळ माणसाला बघताक्षणी कळलं असतं. लिहिलं असतंत?

वाचनमात्र_वामन
नसतं लिहिलं. मनात म्हटलं असतं, 'काय मूर्ख माणूस आहे,' आणि पुढे गेलो असतो.

कोथरूडची_सून
वामनराव, एका दिवसात तीन प्रतिसाद? तब्येत बरी आहे ना?

पर्वतीपायथा
ताजी बातमी: काकांनी हा धागा वाचलाय. कुठेही काही लिहिलेलं नाही. आत्ता लिफ्टमध्ये म्हणाले, "स्ट्रॉबेरीचा भाव अजून सांगितला नाहीत."