मदत हवी आहे : भूकंपात गेलेल्यांचा म्हाळ कोणत्या तिथीला?

किल्लारी भागातल्या जाणत्यांना विचारतोय. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. आमचे आजोबा आणि धाकटी आत्या भूकंपात गेले.

आजवर सर्वपित्री अमावास्येलाच पान वाढतो, त्यामुळे "सर्वपित्रीला करा" हे उत्तर नको. आई आता थकलीय, तिला दोघांचा म्हाळ त्यांच्या तिथीला घालायचाय आणि मलाही ते पटतं. जुनं पंचांग पाहून झालं, भटजींनाही विचारलं. एक म्हणतात, दिवस सूर्योदयाला बदलतो, म्हणून चतुर्दशी धरा. दुसरे म्हणतात, मृत्यूच्या क्षणाची तिथी बघा, ती पौर्णिमा. तिसऱ्यांचं वेगळंच: अपघाती मृत्यू, म्हणून भाद्रपद वद्य चतुर्दशी. आत्या लग्नाआधी गेली, तिचं पान वेगळं का, यावरही एकमत नाही.

शास्त्रापेक्षा रीत कळली तर बरं, कारण आमचं जुनं गाव उठलं, भावकी विखुरली, विचारायला वडीलधारं कुणी उरलं नाही. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी या गावांतली घरं नेमकी कोणती तिथी धरतात, आणि अविवाहित मुलीचं पान त्याच दिवशी वाढतात का?