पोर्तुगाल की पोर्तुगाल + स्पेन? दहा दिवस, सासूबाईंचे गुडघे आणि शाकाहार – सल्ला हवा

वसईकरीण
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटी आम्ही चौघं (मी, नवरा, आठवीतली लेक आणि सत्तरीच्या सासूबाई) युरोपात जायचं म्हणतोय. टूर कंपनीबरोबर नाही, पहाटे उठून रोज बॅगा भरणं सासूबाईंना झेपणार नाही. माझं लहानपण वसईच्या किल्ल्यात हुंदडण्यात गेलंय, त्यामुळे पोर्तुगाल बघायचंच आहे. नवऱ्याचं म्हणणं, एवढे पैसे घालतोय तर स्पेनही उरकून घेऊ. हाताशी विमानप्रवास धरून दहा दिवस. सासूबाई शाकाहारी, अंडंही चालत नाही. सपाटीवर बऱ्यापैकी चालतात, पण चढ आला की बसतात. काय करावं?

भटकभवानी
स्पेन काढून टाका. नकाशावर शेजारी दिसतं, पण लिस्बन ते माद्रिद थेट जलद रेल्वे नाही. रात्रीची गाडी होती, ती 2020 पासून बंद आहे. म्हणजे विमान, म्हणजे एक अख्खा दिवस विमानतळावर. 'उरकून' घ्यायचं असेल तर टूर कंपनी काय वाईट?

नदीकाठचा
नोकरीनिमित्त लिस्बनमध्ये असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोनच मुक्काम करा, लिस्बन आणि पोर्तो. मधला प्रवास आल्फा पेंदुलार गाडीने साधारण तीन तासांचा. तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं, आणि 65 च्या पुढच्यांना निम्मं भाडं. सासूबाईंचा पासपोर्ट जवळ ठेवा, म्हणजे झालं.

आता गुडघे. लिस्बन टेकड्यांचं शहर, त्यात फुटपाथ गुळगुळीत चुनखडीच्या तुकड्यांचे. पाऊस पडला की त्यावर भले भले घसरतात. म्हणून हॉटेल बायशा भागात घ्या. 1755 च्या भूकंपानंतर तेव्हाचा मुख्यमंत्री पोंबाल याने हा भाग सरळ रेषांत नव्याने वसवला, त्यामुळे तो सपाट आहे. आल्फामा या टेकडीवरच्या जुन्या वस्तीतलं 'जुन्या वाड्यातलं घर' फोटोत बघून भुलू नका, तिथे पायऱ्या संपत नाहीत.

वर चढायच्या युक्त्या: बायशा-शियादो मेट्रो स्टेशनच्या आतले सरकते जिने थेट टेकडीवरच्या शियादो भागात नेऊन सोडतात. लिस्बनच्या किल्ल्याच्या बाजूला जायचं तर रुआ दुश फांकेइरुशवर एका इमारतीत फुकट लिफ्ट आहे. तिथून थोडं चाललं की पिंगो दोसे सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी. पर्यटक 28 नंबरच्या ट्रामला लोंबकळत असतात तेव्हा आम्ही इथून जातो. ती ट्राम लेकीला दाखवायचीच असेल तर सकाळी लवकर, आणि पाकीट पुढच्या खिशात.

लिस्बनच्याच बेलें भागात 15 नंबरची ट्राम जाते, तो सगळा भाग नदीकाठचा, सपाट. सोमवारी मात्र जाऊ नका, जेरोनिमुश मठ बंद असतो.

सिंत्रा या राजवाड्यांच्या गावाला लिस्बनच्या रोसियू स्टेशनवरून चाळीस मिनिटांत पोचता. पेना राजवाड्याचं वेळेचं तिकीट आधी काढा. स्टेशनवरून 434 नंबरची बस वर जाते, पण फाटकापासून राजवाड्यापर्यंत पुन्हा चढ आहे. तिथे छोटी बस मिळते, तिचं तिकीट वेगळं, ते घ्याच. सिंत्रात एका दिवशी एकच मोठी जागा करा. लेकीला किंता दा रेगालेइरा या जुन्या हवेली-बागेतली गोल जिन्याची उलटी विहीर फार आवडेल, मग सासूबाई खाली गावात कॉफी घेत बसू शकतात.

खादाड_खवय्यी
शाकाहारावर मी बोलते. 'काल्दो वेर्द' हे पालेभाजी-बटाट्याचं सूप निष्पाप दिसतं, पण त्यात सॉसेजच्या चकत्या असतात. त्याऐवजी 'सोपा द लेगुमेश' मागा, आणि मांसाचा रस्सा घातलाय का ते विचारा. कॅफेत 'शामूसा' दिसला की आपला समोसा म्हणून उडी मारू नका, बहुतेकदा आत खिमा असतो. गोड तर जवळपास सगळं अंड्याच्या बलकाचं, तो प्रसिद्ध नाताही (कस्टर्ड भरलेला छोटा टार्ट). सासूबाईंना बिका (म्हणजे त्यांची कडक कॉफी) आणि फळं. मार्तिं मोनिझ भागात भारतीय दुकानं आहेत, पीठ-मसाले मिळतात. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, एक वेळची खिचडी घरी, सगळे शांत.

आणि टेबलावर न मागता येणारा पाव, ऑलिव्ह, चीज फुकट नसतं. खाल्लंत तर बिलात येतं, नको असेल तर उचलून न्यायला सांगा. कुणी वाईट वाटून घेत नाही.

कोकणी_मेवा
मी वेगळं मत मांडतो. पोर्तो सोडा, दक्षिण किनाऱ्यावरच्या आल्गार्वेला जा. समुद्र, सोनेरी कडे, निवांत.

नदीकाठचा
@कोकणी_मेवा, वसईच्या माणसाला समुद्र बघायला इतक्या लांब कशाला पाठवताय? शिवाय तिथे गाडी भाड्याने घेतल्याशिवाय मजा नाही आणि किनाऱ्यांवर उतरायला पायऱ्या. सप्टेंबरअखेरीस पोर्तोजवळ दोरू नदीच्या खोऱ्यात द्राक्षांची तोडणी चालू असते, ते सोडू नका. पोर्तोहून त्या खोऱ्यातल्या पिन्यांव गावाला रेल्वे जाते, जाताना उजवीकडच्या खिडक्या धरा, नदी त्या बाजूला आहे. मार्गावर कधी दुरुस्तीची कामं असतात तेव्हा आदल्या दिवशी वेळापत्रक बघा. पिन्यांवचं स्टेशनच निळ्या टाइल्सनी मढवलंय, पलीकडे डोंगरभर द्राक्षांच्या पायऱ्या. सासूबाईंना बाकावर बसून सगळं दिसेल. पोर्तोतही नदीकाठच्या रिबेइरा भागातून वर यायला गिंदाइशची फ्युनिक्युलर (चढावर दोराने ओढली जाणारी गाडी) आहे, आणि लुईश पुलाच्या वरच्या मजल्यावरून मेट्रोने पलीकडे जाता येतं.

वसईकरीण
स्पेन बाद! नवऱ्याला 'थेट गाडी नाही' हे पटलं, माझं ऐकलं नसतं. :) लिस्बन पाच रात्री, पोर्तो तीन असं धरतेय. एक विचारायचं राहिलं, वास्को द गामाची कबर बेलेंलाच ना?

नदीकाठचा
हो, जेरोनिमुशच्या चर्चमध्ये, आत शिरल्याशिरल्याच, फार चालावं लागत नाही. समोरच्या बाजूला कवी कामोंइशची. गामा वारला 1524 मध्ये कोचीत, नंतर अवशेष पोर्तुगालला आणले, आणि या चर्चमध्ये तर 1880 मध्ये आले. लेकीला 1739 आणि पोर्तुगीजांकडून वसई घेणारे चिमाजी अप्पा तिथेच उभं राहून सांगा, इतिहासाच्या पुस्तकापेक्षा चांगलं लक्षात राहील. दगडातली दोरखंडं, नांगर, पोवळी नीट बघा, कोरीव काम अफाट आहे.

भटकभवानी
व्हिसाचं आत्ताच बघा. शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकत्रित व्हिसा) अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, शुल्क मोठ्यांना 90 युरो, प्रवासविमा किमान 30,000 युरोचा. सगळ्या रात्री पोर्तुगालमध्येच, त्यामुळे अर्ज कोणत्या देशाकडे करायचा हा घोळ नाही. भारतातून थेट विमान नाही, तेव्हा मधल्या थांब्याला निदान तीन तास ठेवा आणि सासूबाईंसाठी व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा. लिस्बनमध्ये माणशी रात्री 4 युरो पर्यटन कर आहे, हॉटेलच्या दरात तो बहुधा धरलेला नसतो. तेरा वर्षांखालच्यांना माफ, लेकीचं वय बघा.

वसईकरीण
तेरा पूर्ण. भरते बापडी. :)