उबंटूवर कर्नेल लॉग फक्त पाच जणांना दाखवायचे आहेत, सुडो न देता

रूटलेस_राव:
उबंटू २२.०४ चा सामाईक सर्व्हर, ४० खाती. त्यातल्या पाच जणांना ओओएम किलरने (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नेलचा भाग) कुठली प्रोसेस मारली, डिस्कच्या एरर येताहेत का, एवढं बघता यायला हवं. साध्या खात्यातून डीमेसेज (कर्नेलचे संदेश दाखवणारी आज्ञा) चालवलं की 'रीड कर्नेल बफर फेल्ड: ऑपरेशन नॉट परमिटेड' येतं. पाचही जणांना एडीएम गटात (लॉग वाचायची मुभा असलेला गट) घातलं, /डेव्ह/केएमएसजी (तेच संदेश देणारी डिव्हाइस फाइल) चा गट एडीएम करून मोड ०६४० केला, तरी तेच. कर्नेल.डीमेसेज_रिस्ट्रिक्ट = ० केलं की चालतं, पण मग चाळीसही जणांना दिसतं. मधला मार्ग आहे का?

कोकणकडा:
एरर नीट वाचा. फाइलची परवानगी आडवी आली असती तर 'परमिशन डिनाइड' आलं असतं. 'ऑपरेशन नॉट परमिटेड' म्हणजे कर्नेलने कॅपॅबिलिटी (रूटच्या हक्कांमधला एक सुटा हक्क) तपासून नकार दिला. डीमेसेज_रिस्ट्रिक्ट १ असताना बफर (कर्नेलचे संदेश साठतात ती जागा) वाचायला कॅप_सिसलॉग ही कॅपॅबिलिटी लागते, आणि /डेव्ह/केएमएसजी उघडतानाही हीच तपासणी होते. त्यामुळे सीएचमॉड, सीएचग्रूप कितीही करा, उपयोग शून्य. बदललेला मोड परत ०६४४ आणि गट रूट करून ठेवा.

पण तुमचं अर्धं काम आधीच झालंय. तेच संदेश जर्नलमध्येही (सिस्टमडीचा लॉग) जातात आणि तिथे हिशोब गटाचा असतो. एडीएममधल्या माणसाला 'जर्नलकंट्रोल -के' चालायला हवं. चालत नसेल तर आधी 'आयडी' करून गट खरंच दिसतो का बघा. गट नव्या लॉगिनपासून लागू होतो. टीमक्सचं (लॉगआउटनंतरही टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्राम) जुनं सेशन उघडं ठेवलं असेल तर त्यात तो कधीच येणार नाही. आणि -के फक्त चालू बूटचं दाखवतं. मशीन अडकून रीबूट झालं असेल तर '-के -बी -१' द्या.

शेल_पाटील:
एवढा खटाटोप कशाला? व्हीसुडो उघडा (सुडोअर्स, म्हणजे सुडोच्या नियमांची फाइल, बदलायची आज्ञा), त्या गटाला नोपासवर्डने /युएसआर/बिन/डीमेसेज देऊन टाका. एका ओळीचं काम.

कोकणकडा:
ती एक ओळ म्हणजे पाच जणांना पूर्ण रूट. सुडोअर्समध्ये आर्ग्युमेंट न लिहिता नुसता पाथ दिला की कुठलंही आर्ग्युमेंट चालतं. मग:

'डीमेसेज -एच' (कॅपिटल) पेजरमध्ये, म्हणजे पानापानाने मजकूर दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडतं. पेजर बहुधा लेस असतो, आणि लेसमध्ये उद्गारचिन्ह टाकून एसएच लिहिलं की रूटचा शेल हातात.

'-एफ' (हाही कॅपिटल) बफरऐवजी दिलेली फाइल वाचतो. ती फाइल /ईटीसी/शॅडो (पासवर्डच्या हॅशची फाइल) असली तरी बिनतक्रार ओळी छापतो.

'-सी' ने बफर पुसता येतो. हे त्या मानाने किरकोळ, कारण जर्नलमधली प्रत शाबूत राहते.

सुडोच हवा असेल तर आर्ग्युमेंटसकट नेमकी आज्ञा लिहा, म्हणजे 'डीमेसेज -टी' (टी कॅपिटल) एवढीच. शेवटी तारका नको, नाहीतर पुन्हा तेच. -टी च्या वेळांवर मात्र फार विसंबू नका. मशीन सस्पेंड होऊन उठलं असेल तर त्या चुकतात.

रूटलेस_राव:
जर्नलकंट्रोल चाललं, टीमक्सचीच भानगड होती. पण एडीएममुळे ऑथ.लॉगही दिसतोय, म्हणजे कोण कुठून लॉगिन झालं ते सगळं. तेवढं द्यायचं नाही. शिवाय एका मॉनिटरिंग सर्व्हिसलाही बफर थेट वाचायचा आहे, तिचं खातं वेगळं आहे.

बफरभाऊ:
मग एडीएममधून काढा. सिस्टमडी-जर्नल गटही नको, त्याने सगळंच जर्नल उघडतं. 'केलॉग' नावाचा गट करा आणि कर्नेलचे संदेश आरसिसलॉगकडून (लॉग फाइलींत लिहिणारी सर्व्हिस) वेगळ्या फाइलीत घ्या.

/व्हार/लॉग/केलॉग ही डिरेक्टरी बनवा: मालक सिसलॉग, गट केलॉग, मोड २७५०. पुढचा २ विसरू नका. उबंटूत आरसिसलॉग रूटपण सोडून सिसलॉग या खात्याने चालतो. ज्या गटात ते खातं नाही तो गट त्याला फाइलला देता येत नाही. सेटजीआयडी (तो पुढचा २) डिरेक्टरीत नवी फाइल आपोआप केलॉग गटाची होते. पण उबंटूच्या आरसिसलॉग.कॉन्फमध्ये फाइलचा गट एडीएम करायची ओळ असते, म्हणून पहिली फाइल आधीच हाताने बनवून ठेवा: मालक सिसलॉग, गट केलॉग, मोड ०६४०. मग /ईटीसी/आरसिसलॉग.डी मध्ये एक ओळ: डावीकडे 'कर्न.*', उजवीकडे त्या डिरेक्टरीतल्या फाइलचा पाथ. सर्व्हिस रीस्टार्ट.

लॉगरोटेटमध्येही (जुनी लॉग फाइल बाजूला करून नवी सुरू करणारा प्रोग्राम) नोंद हवी: 'क्रिएट ०६४० सिसलॉग केलॉग', आणि पोस्टरोटेटमध्ये आरसिसलॉग-रोटेट. पोस्टरोटेट राहिलं तर आरसिसलॉग नाव बदललेल्या जुन्याच फाइलीत लिहीत बसतो आणि नवी रिकामी दिसते.

मॉनिटरिंग सर्व्हिससाठी तिच्या सिस्टमडी युनिट फाइलीत 'अँबियंटकॅपॅबिलिटीज=कॅप_सिसलॉग', सोबत 'युजर=' आहेच. त्या युनिटमध्ये 'प्रोटेक्टकर्नेललॉग्ज=यस' असेल तर काढा, ते हीच कॅपॅबिलिटी हिरावून घेतं. 'प्रायव्हेटडिव्हायसेस=यस' असेल तर /डेव्ह/केएमएसजी तिथे नसतंच. सर्व्हिस कंटेनरमध्ये असली तर गोष्ट वेगळी: कर्नेल लॉगला नेमस्पेस नाही, त्यामुळे कॅपॅबिलिटी दिली की कंटेनरला अख्ख्या होस्टचे संदेश दिसतात.

शेल_पाटील:
बरं, सुडो मागे घेतो. पण माणसांनाही थेट बफरच हवा असेल तर डीमेसेजलाच सेटकॅप करून (त्या फाइललाच कॅपॅबिलिटी देऊन) चालेल ना?

बफरभाऊ:
चालेल, पण मूळ फाइलवर नको. तिथे केलं तर ती सगळ्यांना चालवता येते, म्हणजे पुन्हा चाळीसजण. वर युटिल-लिनक्सचं अपडेट आलं की फाइल बदलते आणि कॅपॅबिलिटी उडते. /युएसआर/लोकल/बिन मध्ये प्रत करा, मालक रूट, गट केलॉग, मोड ०७५०, आणि त्यानंतर 'सेटकॅप कॅप_सिसलॉग=ईपी'. क्रम उलटा करू नका: सीएचओन केलं की कॅपॅबिलिटी पुसली जाते. गेटकॅपने खात्री करा. इथे -एफ किंवा पेजरची भीती नाही, कारण फाइल वाचताना हक्क वापरणाऱ्याचेच राहतात आणि पेजरला कॅपॅबिलिटी मिळत नाही. मात्र ही प्रत अपडेट होत नाही, दर अपडेटनंतर नवी बनवावी लागते. मला विचाराल तर पाच माणसांना फाइल पुरे.

रूटलेस_राव:
फाइलवालाच मार्ग घेतोय. रिस्ट्रिक्ट १ च ठेवतो. पण कर्नेल ४.१५ पासून मेमरीतले पत्ते हॅश करूनच (खरा पत्ता लपवून) छापतं ना, मग ० ठेवल्याने नेमकं काय फुटतं?

कोकणकडा:
हॅश होतात ते %पी (कर्नेलच्या कोडमध्ये पत्ता छापायची खूण) ने छापलेले पत्ते. ऊप्स (कर्नेलमधल्या चुकीचा अहवाल) आला की रजिस्टरमधली मूल्यं जशीच्या तशी छापली जातात, त्यात कर्नेलचे खरे पत्ते असतात. शिवाय कुठला ड्रायव्हर, कुठल्या डिस्कचे कुठले सेक्टर, कोणाची कुठली प्रोसेस किती मेमरी खात होती, हे काही हॅश होत नाही. आणि १ ची नोंद /ईटीसी/सिसकंट्रोल.डी मध्ये ९९ ने सुरू होणाऱ्या फाइलीत करा. १०-कर्नेल-हार्डनिंग मध्ये ० ची ओळ कॉमेंट करून ठेवलेली असते; कोणी तिची कॉमेंट काढली तरी नंतर वाचलेली फाइल जिंकते.