फक्त मोबाइल नंबरवरून घरापर्यंत पोचता येतं का?

खिडकीपाशी: जुना सोफा ऑनलाइन विकायचाय, जाहिरातीत नंबर द्यावा लागतो. त्यावरून अनोळखी माणसाला काय काय कळतं? आधी काय बंद करू?

गटनंबर: नाव अर्ध्या मिनिटात. यूपीआय ॲपमध्ये नंबर टाकला की पैसे पाठवण्याआधीच बँकेतलं नाव दिसतं, बरेचदा मधल्या नावासकट. मेख त्या मधल्या नावात आहे. महाभूलेखवर, म्हणजे सरकारच्या जमीन नोंदींच्या साइटवर, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की गट नंबर नसला तरी नावाने सातबारा शोधता येतो. क्षेत्र, सहखातेदार, 'इतर हक्कां'त बँकेचा बोजा, सगळं समोर. आणि आडनावात 'कर' असेल तर गावाचा अंदाज फुकटात!

सूची_दोन: शेती नसली तरी सुटका नाही. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर वर्ष, गाव आणि सिटी सर्व्हे नंबर टाकला की सूची क्र. २, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा, निघते: फ्लॅट नंबर, किंमत, दोन्ही पक्षांचे पत्ते; जुन्या नोंदींत पॅनसुद्धा. मतदार यादीत वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय. एका घर क्रमांकाखालची नावं वाचली की कुटुंब कळलं.

दुसरंसिम: बँकेला न जोडलेलं प्रीपेड सिम घ्या, जाहिरातीत तेच द्या. त्यावर यूपीआय काढू नका, नाहीतर सगळं मुसळ केरात. व्हॉट्सॲपला प्रोफाइल फोटो आणि अबाउट 'माय कॉन्टॅक्ट्स'वर ठेवा. ट्रूकॉलर नुसतं अनइन्स्टॉल करून नाव जात नाही, कारण ते दुसऱ्यांच्या फोनबुकातूनही आलेलं असतं. आधी ॲपमधून खातं डीॲक्टिव्हेट करा, मग त्यांच्या साइटवर +९१ लावून नंबर अनलिस्ट करा. पुन्हा लॉग-इन केलंत की नाव परत यादीत.
सोफ्याचा फोटो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवू नका. कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर घराचे अक्षांश-रेखांश फाइलसोबत जातात. साधा फोटो म्हणून पाठवला तर गळतात.

खिडकीपाशी: विक्री झाली की सिम फेकून दिलं तर?

दुसरंसिम: त्या नंबरवर काहीही उघडलं असेल तर आधी सगळीकडून काढा. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो, मग ओटीपी त्याच्याकडे.

खिडकीपाशी: आणि सातबाऱ्यावरचं नाव झाकता येतं?

गटनंबर: नाही. तो अधिकार अभिलेख आहे, म्हणजे जमिनीवर कोणाचा हक्क याची सरकारी नोंद. खरेदीदाराला मालक कोण हे तपासता यावं म्हणूनच तो उघडा ठेवलाय.